रोहू, कटला, मृगळ सोडून बाकीचं

आमच्या धरणावर जाळं काठाला लागलं की पुरुषांचं काम संपतं. ते तराफ्यावरून उतरतात, तंबाखू मळतात आणि बाजूला होतात. पुढचं काम जाळं सोडवणारीचं. अडकलेला एकेक जीव काढायचा, जाळं झटकायचं, फाटलं असेल तिथं शिवायचं. म्हणून काठावर आलेल्या जाळ्याला तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. घाई करून ओढणारा ओढतो आणि मागं ती शिवत बसते, त्यावरून ही रीत पडली असणार. माझी सासू सोडवायची, तिच्यानंतर मी. माझ्यानंतर कोण, ते मला माहीत नाही आणि मी त्याची काळजीही करत नाही.

या कामाला मजुरी नाही, वाटा आहे. रोहू, कटला आणि मृगळ हे तीन मासे आमच्या मच्छीमार संस्थेचे, कारण त्यांचं बी संस्था पाण्यात सोडते. बाकी जाळ्यात जे येईल ते सोडवणारीचं. चिलापी, मुऱ्या, झिंगे, एखादी वाम, नशीब असलं तर मरळ. थोडं मी ओलंच विकते, उरलेलं पत्र्यावर वाळवते आणि आठवडे बाजारात घेऊन बसते. नवरा गेल्यापासून मी त्यावरच आहे. मुलगा सातपूरला कंपनीत जातो, सून चांगली आहे, दोघंही मला खायला घालतील. पण चहाची साखर संपली की सुनेच्या तोंडाकडं बघावं लागेल, असं म्हातारपण मला नको होतं. वाटा होता तोवर तशी वेळ आली नाही. पुढं जो तमाशा झाला तो या वाट्यावरून झाला.

एक दिवस चेअरमन येऊन म्हणाला, "काकू, उद्यापासून मॅडम येणार हाय. जाळ्यात नको असलेली मासळी किती येते ते मोजायला."

चेअरमन म्हणजे आमच्या संस्थेचा. माझ्या दिराचा मुलगा. लहानपणी शेंबूड पुसायला माझ्या पदराशी यायचा, आता पांढरे कपडे आणि काळा गॉगल घालतो.

"नको असलेली कोणाला?" मी विचारलं.

"सरकारला."

"सरकारला नको आसंल. मला पाहिजे."

"तू त्यांच्यासमोर तोंड उघडू नको. नुसतं सोडव."

मॅडम आली ती वयानं माझ्या नातीएवढी. पाठीवर पिशवी, हातात वजनकाटा आणि फॉर्मांचा गठ्ठा. आधी ती समुद्रावर मोठ्या बोटींबरोबर जायची. तिथं जाळ्यात नको ते फार येतं, ते मोजून कमी करायचं, असं तिचं शिक्षण. मग वरून हुकूम निघाला की धरणांवरही मोजा, आणि तिला नाशिकला पाठवलं. पण गोड्या पाण्याचे फॉर्म काही छापून आले नव्हते. मग ती समुद्राचेच घेऊन आली.

पहिल्या दिवशी मी जाळं सोडवत होते. ती शेजारी उकिडवी बसली आणि तिनं विचारलं, "आजी, डॉल्फिन?"

"म्हंजे?"

तिनं मोबाईलवर चित्र दाखवलं. मी म्हटलं, "नाय."

"शार्क?"

"नाय."

"समुद्री साप?"

"साप हाय. दिवड. पण त्यानं समुद्र काही बघितलेला नाय."

"मग 'नाही' लिहिते. समुद्रपक्षी?"

"परवा पाणकावळा अडकला होता. सोडला तर माझ्या हातावर घाण करून गेला."

"तो आजचा नाही ना? मग 'नाही.' समुद्री कासव?"

"कासव हाय, पण ते इथलंच."

मी तिला म्हटलं, अगं पोरी, तुला ठाऊक आहे ना की इथं डॉल्फिन नाही, मग कशाला विचारतेस? ती म्हणाली, "आजी, रकाना रिकामा ठेवला की फॉर्म परत येतो. 'नाही' लिहावंच लागतं. आणि न विचारता लिहिलं तर ते खोटं होईल." हे मला आवडलं. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तिनं घरी बसून फॉर्म भरले असते.

त्यानंतर ती रस्त्यावरून उतरताना दिसली की मीच ओरडायची, "डॉल्फिन नाय, शार्क नाय!" तराफ्यावरची माणसंही ओरडायला लागली. काठावर जी रिसॉर्टं झाली आहेत, तिथल्या एका पाहुण्यानं आमच्यातल्या एकाला विचारलं, इथं खरंच डॉल्फिन आहेत का? तो म्हणाला, "आज नाय घावला." त्या रविवारी डॉल्फिन बघायला दोन गाड्या आल्या. संध्याकाळपर्यंत लोक पाण्याकडं बघत बसले, आणि जाताना एक बाई म्हणाली की तिला दिसला.

कासवाचं प्रकरण वेगळं. एक कासव रोज जाळ्यात यायचं. मॅडम रोज वजन करायची, 'कासव, एक' लिहायची आणि पाण्यात सोडायची. मी तिला सांगितलं, हे कालचंच आहे.

"कशावरून, आजी?"

"तोंडावरून."

पण तोंडावरून असं फॉर्ममध्ये लिहिता येत नाही. मग तिनं पिशवीतून लाल नेलपॉलिश काढलं आणि कासवाच्या पाठीवर ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी कासव ठिपक्यासकट हजर. मॅडमला इतका आनंद झाला की तिनं त्याचा फोटो काढला. फॉर्मवर 'पुन्हा सापडलेले' असा रकाना होता आणि तो तिला पहिल्यांदाच भरायला मिळाला. कासवाचा चेहरा मात्र चेअरमनसारखाच, काही झालं तरी आपली चूक नाही असा.

इथवर सगळं ठीक होतं. माझा वाटा ती मोजायची आणि मला परत द्यायची. घोळ नारळांनी केला.

नाशिकची माणसं नदीवर पूजा करतात. तिथं गर्दी वाढली तशी गाडीत बसून आमच्या धरणावर यायला लागली. नारळ, हार, तसबिरी, गेलेल्या माणसाची गादी, सगळं पाण्यात. तरुण पोरं पोहायला येतात, त्यांच्या चपला आणि पँटी राहतात. ते सगळं जाळ्यात येतं. आणि मॅडमला मिळालेल्या सूचनेत लिहिलं होतं की रोहू, कटला, मृगळ सोडून जाळ्यात जे येईल ते मोजावं. ती सूचनेप्रमाणे वागणारी. तिनं नारळ मोजले, भिजलेली गादी मोजली. भिजलेल्या गादीचं वजन काय होतं ते उचलल्याशिवाय कळायचं नाही. चार माणसं लागली.

महिन्यानं चेअरमनला नाशिकच्या ऑफिसात बोलावलं. परत आला तो गॉगल हातात घेऊनच.

"काकू, सगळ्या धरणांत आपलं धरण वाईट निघालं. निम्म्याच्या वर नको ते. साहेब म्हणतो, तुम्ही मासे धरता का कचरा? कमी करा, नाहीतर संस्थेला नवीन होडी मिळणार नाय."

"मग नारळ मोजू नका म्हणावं."

"म्हणलो ना. तर म्हणतो, आता मोजलेत."

चेअरमननं पहिला उपाय काढला तो असा, की मॅडम यायच्या आत नारळ परत पाण्यात फेकायचे. माणसांनी फेकले. दुसऱ्या दिवशी तेच नारळ जाळ्यात आले आणि त्यांच्याबरोबर नवे आले. ठिपका द्यायची सोय नव्हती म्हणून ते सगळे नवेच धरले गेले. आकडा आणखी वाढला.

मग त्यानं संस्थेच्या शेडसमोर सभा घेतली. मलाही बोलावलं, तेव्हाच मला संशय आला.

"आजपासून," तो उभा राहून म्हणाला, "ज्याला कल्ले हायेत ते सगळं संस्थेचं. चिलापी असू द्या, मुऱ्या असू द्या. सगळी मुख्य मासळी म्हणून लिहायची. म्हंजे नको असलेली मासळी उरतच नाय! आकडा आपोआप खाली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "आणि माझा वाटा?"

"वाटा हाय ना, काकू! रीत कोण मोडतंय? जाळ्यात जे संस्थेचं नाय ते तुझं. पहिलंही तसंच होतं."

"म्हंजे नारळ."

"नारळ, चप्पल, जे येईल ते. त्यात मी एका शब्दानं बोलणार नाय."

"परत सांग."

"जाळ्यात येईल आणि संस्थेचं नसंल ते काकूचं! झालं का समाधान?"

कोणीतरी मागून म्हणालं, "म्हातारीची लॉटरी लागली." हसणाऱ्यांत सगळे होते. मी उठून घरी आले.

झिंग्यांना कल्ले असतात का यावर दोन दिवस वाद चालला. मॅडमनं असतात म्हणून सांगितलं, तेव्हा झिंगेही गेले.

त्यानंतर माझ्याकडं नारळ यायला लागले. बरेचसे आतून सडलेले. चांगल्या निघालेल्या नारळांची चटणी झाली, वड्या झाल्या, मग कोणी हात लावेना. सून दारातच विचारायची, "आत्याबाई, आज काय आणलं?"

"नारळ आणि एक चप्पल."

"कोणती?"

"डावी."

"काल पण डावीच होती. उजव्या कुठं जातात मग?"

मी बाजारात नारळ घेऊन बसले. एका बाईनं एक उचलून हुंगला. "मावशी, नारळाला माशाचा वास येतो."

"मग मासा घातलेल्या आमटीत टाक."

तिनं खाली ठेवला. माझी नेहमीची गिऱ्हाइकं येऊन विचारत होती, सुकी चिलापी कुठं? मी काय सांगणार? चिलापी संस्थेनं पेटीत बर्फ घालून नाशिकच्या व्यापाऱ्याला दाखवली होती. तो म्हणाला, एवढी बारकी माझ्या काय कामाची? मग ती शेडमागं खड्डा खणून पुरायला लागले. कागदावर मुख्य मासळी आणि प्रत्यक्षात खड्ड्यात. माझ्या वाळवणाच्या पत्र्यावरून तो खड्डा दिसायचा आणि वारा तिकडूनच यायचा.

त्याच महिन्यात माझी साखर संपली. मी सुनेला सांगितलं की डॉक्टरनं गोड बंद केलंय. पण दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या कपात साखर घालूनच चहा दिला, आणि तो मला कडू लागला.

आकडा खाली आला. साहेबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी नवीन जाळं मंजूर केलं, मोठ्या भोकांचं. मॅडमनं मला समजावलं, "आजी, भोक मोठं असलं की लहान मासा निसटतो, वाढतो, पुढच्या वर्षी मोठा मिळतो."

हे तिचं बरोबर होतं. रोहूची बोटाएवढी पिल्लं जाळ्यात मरतात ते मी रोज बघते. मी विचारलं, "आणि नारळ निसटतो का?"

तिनं जाळं हातात धरून बघितलं. "नाही."

"चप्पल?"

"चप्पलही नाही."

"म्हंजे माझा वाटा सरकारनं जपून ठेवला."

तिनं मान खाली घातली. ती काय करणार होती?

नवीन जाळ्याचं उद्घाटन करायला साहेब स्वतः आले. चेअरमननं इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते, वर बुडू नये म्हणून नारिंगी जाकीट, पायात काही नाही. जाळं दोन माणसांनी आधीच टाकून ठेवलं होतं. चेअरमननं तराफ्यावर उभं राहून ते ओढायचं आणि साहेबांच्या माणसानं फोटो काढायचा, असं ठरलं होतं. काठापासून तराफा चार हातांवर होता.

"चेअरमन, थोडं मागं," फोटोवाला म्हणाला.

चेअरमन मागं सरकला.

"अजून थोडं. गॉगल चमकतोय."

तो अजून मागं सरकला आणि त्याच्या पायाचा अंगठा तराफ्यावर पडलेल्या जाळ्याच्या भोकात अडकला. जुन्या जाळ्यात तो गेलाच नसता. तो पाण्यात बसला. पाणी कमरेएवढंच होतं, पण ते उभं राहिल्यावर कळलं असतं, आणि त्याला उभं राहता येईना. जाकिटानं त्याला पाठीवर उताणा केला. तो जितके हातपाय मारी तितकं जाळं त्याला गुंडाळत गेलं. दोन्ही माणसांनी रोजच्या सवयीनं जाळं ओढलं, काठावर माझ्यासमोर आणून टाकलं, आणि रोजच्या सवयीनंच बाजूला होऊन तंबाखू मळायला लागली.

साहेब पुढं झाले. माणसं ओरडली, "साहेब, हात नका लावू! म्हातारी बोलंल."

"अरे, मग कापा जाळं!"

"साहेब, सरकारी जाळं हाय. उद्घाटन व्हायचंय अजून."

साहेबांनी हात मागं घेतला.

मी गोणपाट अंथरून बसले. आधी वरचे दोन नारळ काढले, माझ्या बाजूला ठेवले. मग एक चिलापी निघाली, ती उचलून संस्थेच्या पेटीत टाकली.

"काकू, आधी मला काढ!"

"क्रमानं येईल."

मी तंबाखू मळणाऱ्यांना विचारलं, "बघा रे, हा रोहू हाय का?"

"नाय."

"कटला?"

एकजण वाकून बघत म्हणाला, "तोंडावरून वाटतो थोडा."

"नीट बघ."

"नाय, नाय. कटला नाय."

"मृगळ? कल्ले दिसतात का कुठं?"

"कल्ले नायत."

"मग हा संस्थेचा नाय," मी म्हटलं. "सभेत काय ठरलं होतं? मी दोनदा सांगायला लावलं होतं."

सगळे चेअरमनकडं बघायला लागले. तो जाळ्यातून म्हणाला, "काकू, चेष्टा पुरे. मला थंडी वाजतीय."

"चेष्टा नाय. तू माझ्या वाट्याला आलायस. माझ्या वाट्याचं मी ओलं विकते, नायतर वाळवते. ओलं तुला कोण घेणार? पत्रा मात्र रिकामाच हाय, तुझ्याच किरपेनं."

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. तेवढ्यात मॅडम फॉर्म घेऊन शेजारी बसली. "सर, मला यांना लिहावं लागेल."

"यांना कशाला?"

"सूचनेत तसं आहे, सर. रोहू, कटला, मृगळ सोडून जे येईल ते." तिनं लिहायला सुरुवात केली. "डॉल्फिन, नाही. शार्क, नाही. इतर, एक. वजन?"

"मी काट्यावर बसणार नाय!" चेअरमन ओरडला. मग स्वतःच एक आकडा सांगितला. तंबाखूवाले हसले, कारण तो त्यानं बराच कमी सांगितला होता. मॅडमनं 'अंदाजे' असं लिहिलं आणि पुढचा रकाना वाचला, "जिवंत सोडले की नाही?" तिनं माझ्याकडं बघितलं. "सोडणार ना, आजी?"

"ठरायचंय."

"काकू, तुझी चिलापी तुला!" चेअरमन म्हणाला. "मुऱ्या पण. झिंगे पण. सगळं पहिल्यासारखं."

"आणि मरळ?"

गळ्याभोवती जाळं, कानात गाळ, तरी तो विचार करत होता. "मरळ संस्थेला राहू दे की. मरळीला गिऱ्हाईक हाय."

"साहेब, तिकडं शेडमध्ये चहा घ्या," मी म्हटलं. "इथं वेळ लागंल."

"घे! मरळ पण घे!"

"साहेबांकडं तोंड करून बोल."

त्याला तोंड फिरवता येईना, म्हणून मीच जाळं धरून त्याला साहेबांकडं वळवला. त्यानं सगळं परत म्हटलं. साहेब म्हणाले, आम्हाला काही हरकत नाही, आकड्यांचं बघू. पुढं आकड्यांचं त्यांनी काय बघितलं ते मला ठाऊक नाही. गोड्या पाण्याचे फॉर्म नंतर आले, त्यांत नारळाला वेगळा रकाना होता असं मॅडम सांगत होती.

मग मी त्याला सोडवला. सवयीचं काम, वेळ लागत नाही. हात निघाले, मान निघाली, शेवटी पायाचा अंगठा राहिला, ज्याच्यापासून सगळं सुरू झालं होतं. मी मॅडमपुढं हात केला. तिला न सांगता कळलं. तिनं पिशवीतून बाटली काढून दिली आणि मी अंगठ्याच्या नखावर लाल ठिपका दिला.

"हे कशाला?" तो ओरडला.

"पुन्हा घावला तर कळावं."

वाटा परत आला तो पहिल्याएवढा नाही. नव्या जाळ्यातून बारकं निसटून जातं, ते मी आधीच ओळखून होते. पण येतं ते माझं असतं, पत्र्यावर काहीतरी वाळत असतं, आणि साखर मी माझी आणते. नारळ आहेतच. ते मी आता डॉल्फिन बघायला येणाऱ्यांना विकते. त्यांना वासाचं काही वाटत नाही.

चेअरमन बरेच दिवस मोजे घालून हिंडला. मग एका दुपारी मी बाजारातून यायच्या आत तो घरी आला आणि सुनेला हळूच म्हणाला, "वहिनी, ते नेलपॉलिश काढायचं पाणी असतं ना, हाय का तुमच्याकडं?" मी तेव्हाच दारात पोचले होते. सून म्हणाली, "होतं, भावजी, पण संपलं." तो गेल्यावर तिनं मला बाटली दाखवली. भरलेली होती. माझ्या डब्यात, सुक्या चिलापीच्या खाली तिनंच लपवली होती.